गोणूकाका किती शिकलेला?

निळा डाग. खिशाच्या शिवणीखाली, बोराएवढा, आणि वर खिशात उभं पेन — टोपण नसलेलं. पुंडलिकने मोबाइल डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, मग दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं. डागाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या, रंग फुटला, तरी डाग तो डागच राहिला. कार्टून काढणाऱ्याला पेन काढायचं होतं तर काढावं की, कोण नको म्हणतंय — पण टोपण का नाही? टोपण काढायला काही कारण लागत नाही, ते पेनाबरोबर आपसूक येतं. गाळायला मात्र कारण लागतं. त्याने न बघताच स्वतःच्या शर्टाच्या खिशाला हात लावला. पेन होतं. टोपण मागेच कधीतरी पॅकिंगच्या पट्ट्यावर पडलं ते पडलंच.

“चा निवला,” सगुणा म्हणाली.

“हं.”

गोणूकाका. नाव तरी काय ठेवलंय! गोण्या उचलतो म्हणून गोणू. दर आठवड्याला दीड-दोन मिनिटांचं कार्टून मोबाइलवर येतं, त्यातला हा गोणूकाका: अर्धी पिकलेली मिशी, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, बाप मिठागरावर राबलेला, स्वतः रोह्याकडच्या कुठल्याशा कंपनीत पॅकिंगला, आणि जगातल्या प्रत्येकावर संशय घेणारा — दूधवाल्यावर, शेजाऱ्यावर, हजेरीच्या मशिनवरसुद्धा. अंगठा लावला की वळून मशिनकडे बघतो, आपला अंगठा त्याने ठेवून तर घेतला नाही ना म्हणून. चहाच्या सुट्टीत सगळी शिफ्ट एका मोबाइलवर डोकी घालून खिदळते. पुंडलिकही हसतो. न हसून सांगतो कोणाला! मागच्या भागाच्या शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली होती: गोणूकाका किती शिकलेला? वय बघा, घर बघा आणि सांगा — कॉलेजला गेला असेल का? उत्तर पुढच्या भागात.

ते वाचल्यापासून तो तोच भाग पुन्हा पुन्हा लावून बघत होता. कारण हे कार्टून कोण काढतं ते शिफ्टला माहीत नव्हतं आणि त्याला माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, डोळ्यांवरून कळलं. गोणूकाकाच्या वरच्या पापणीची रेघ नाकाकडून निघते, मध्ये जाड होते आणि कानाकडे जाता जाता हलकेच वर उचलते — मिशीवाल्या कामगाराचा डोळा असा कुठे असतो? तो गणपतीचा डोळा. आणि तो डोळा काढणारा हात त्याने घरातच बघितला होता, जमिनीवर पालथं पडून वर्तमानपत्राच्या कडेला नुसते डोळेच डोळे काढत बसलेला. किमया. त्याची मुलगी. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीला आहे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला. आठवडाभर तिथेच आत्याकडे राहते.

“आज तिला काय बोलू नका,” पिशवी त्याच्या हातात देताना सगुणा म्हणाली. पिशवीत सुकट होती, किमयाला आवडते ती, आणि कोकमाची बाटली. “तिचं ती सांगल.”

आज — का? रोज बोललेलं चालतं आणि आज नको? बरं, आज किमया सांगणार होती हे खरंच. बारावी होऊन वर्ष झालं, वर्षभर तिने ‘बघू’ म्हणून ढकललं, आता कॉलेजचे प्रवेश सुरू झाले होते, आणि तिने फोनवर आईला सांगितलं होतं की बाबांना सुट्टीच्या दिवशी पेणला पाठव, काय ते त्यांना समोरच सांगते. फोनवर नाही, समोर. समोर सांगण्यासारखं काय असतं? होकार फोनवर मावतो. आणि सगुणाला ते आधीच ठाऊक असणार, नाहीतर ती ‘बोलू नका’ कशाला म्हणेल?

“तू तिला माझ्याबद्दल काही सांगितलंयस?”

“तुमच्याबद्दल काय सांगण्यासारखं हाय?” सगुणा म्हणाली, पण म्हणताना तिने गॅसकडे बघितलं, आणि गॅस तर बंद होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वरशातल्या घरून रोह्याच्या स्टँडपर्यंत तो चालतच गेला, नव्या इमारतींच्या सावल्या धरून. गोष्ट साधी होती. आता तीनच माणसांना माहीत असलेली — तो, सगुणा आणि पेणची थोरली बहीण चंद्रावती. चौथी त्याची आई, ती गेली. पुंडलिक बी.ए. होता. पेणच्या कॉलेजातून, इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात. आणि हे कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं, वरशात नव्हतं, आणि किमयालाही नव्हतं.

असं कुणी लपवतं का? लोक नसलेलं शिक्षण सांगतात, असलेलं कोण झाकतो! पण भरतीच्या दिवशी कंपनीच्या फाटकाबाहेर रांग होती, ठेकेदाराचा माणूस एकेकाला विचारत होता, किती शिकलास, आणि माझ्या पुढचा पोरगा छाती काढून म्हणाला, बी.कॉम. त्याला बाजूला केलं. “ग्रॅज्युएट नको रे बाबा. चार दिवस गोण्या उचलतात आणि मग आम्हालाच कायदा शिकवतात.” मग मी पुढे झालो. मला काही विचार करावा लागला नाही, जीभच बोलली — दहावी. मी म्हटलं, आत तर शिरू, मग सांगू. आत शिरलो. मग पर्मनंट झालो की सांगू. पर्मनंट झालो. मग सांगायला कुणी विचारायला तर हवं… आणि गोणी उचलणाऱ्याला, तू किती शिकलास, असं कोण विचारतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत म्हणत मूठ तशीच राहिली, आणि तिच्यात काय होतं ते आता त्यालाही अधूनमधून चाचपून बघावं लागे.

एवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या वर्षी किमया बारावी झाली आणि म्हणाली, मला नाही जायचं कॉलेजला, मला आखणी येते, कारखानदार माझं काम बघून वेडा झालाय. तेव्हा त्याने तेच झाकलेलं हत्यार उपसलं — उलट्या बाजूने. “बघ माझ्याकडे,” तो ओरडला होता. “शिकलो नाही म्हणून गोण्या उचलतोय. शिकलो असतो तर हे दिवस नसते!” आणि ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही कुठे गेलेलात कॉलेजला, बाबा? तिथे जाऊन काय मिळतं ते तुम्हाला काय माहीत?”

 त्याला संताप असा आला होता की दात दाताला लागले. गेलो होतो, असं म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न तयारच होता — मग काय मिळालं? आणि समोर पुरावा म्हणून तोच उभा होता, बाह्यांवर कंपनीची पांढरी भुकटी घेऊन. दहावीवर थांबलेल्या बापाचं ऐकून पोरगी एखादे वेळी कॉलेजला जाईल; बी.ए. होऊन गोण्या उचलणाऱ्या बापाचं ऐकून कोणती पोरगी जाईल? त्याचं अडाणीपण हेच तिच्या शिक्षणाच्या बाजूचं एकमेव म्हणणं होतं. आणि ते आता कुणीतरी फोडलं होतं. नाहीतर ती तसला प्रश्न कार्टूनमध्ये का घालील? कॉलेजला गेला असेल का! सरळ सरळ डिवचणं होतं ते. सगुणा, नाहीतर चंद्रावती. दोघींतली एक.

एस.टी. अर्धी रिकामी होती. खिडकीजवळ बसतो न बसतो तोच मागून हाक आली, “दादा! पेणला?” निलेश. त्याच्याच सेक्शनचा, सासरवाडीला निघालेला, केसांना भरपूर काहीतरी चोपडून. हा आजच कसा भेटला? भेटला तर भेटला, पण शेजारी बसल्या बसल्या त्याने मोबाइल काढला आणि पहिलं वाक्य —

“दादा, तुम्ही मत दिलंत का नाय? गोणूकाकाचं?”

“मला काय करायचंय.”

“मी दिलं. अजिबात शिकलेला नाय. लावता पैज?”

पुढच्या सीटवरची, मांडीवर टोपली घेतलेली म्हातारी वळली. “कोन? तो मिशीवाला? माझी नात दावते ना मला. आगरावरच्या घरचा पोर, आनि कालेज? गो बाय! त्या टायमाला सातवी पास झाला तं आळीत पेढं वाटीत.”

“तेच ना, आजी!” निलेश खूश झाला. “वय बघा, बाप बघा. आगरावर मीठ ओढणारा बाप पोराला दहावीच्या वर ठेवतोय कशाला? आणि शिकलेला असता तर गोण्या उचलल्या असत्या का? साहेब नसता झाला?”

म्हणजे हे असं आहे, पुंडलिकला वाटलं. वय आणि बाप, दोन गोष्टी मांडल्या की माणसाचा हिशेब झाला. आणि चीड कशाची आली तर हिशेब चुकीचा आहे याची नव्हे, तो इतका सरळ आहे याची. त्याने स्वतः मत दिलं असतं तर त्यानेही तेच दिलं असतं.

“मग तो ‘परंतु’ कसा म्हणतो?”

कंडक्टर. तिकिटाचं मशिन छातीशी धरून तो दांड्याला टेकला होता. “मी सगळे भाग बघितलेत. ‘पण’ म्हणतच नाय तो. भांडायला लागला की ‘परंतु’. आमच्या डेपोत एकच माणूस परंतु म्हणतो, आणि तो एम.ए. आहे.”

“ह्या! परंतु काय, बातम्या ऐकून पण येतं,” निलेश म्हणाला.

“परंतु बातम्या ऐकणारे सगळेच काही—” पुंडलिक म्हणाला.

आणि थांबला. शब्द बाहेर पडला होता. गाडी खड्ड्यातून गेली, म्हातारीने टोपली सावरली, कंडक्टर पुढे सरकला. निलेशने वर बघितलं का? बघितलं बहुतेक. नाही, तो मोबाइलच बघत होता… पण अंगठा हलत नव्हता, पडदा तसाच होता. एवढी वर्षं मी तोंडातून काय काढत आलोय, ते मला ऐकूच आलं नाही, आणि ते कुणीतरी बसून ऐकत होतं, वेचत होतं! पुंडलिकने खिडकीबाहेर तोंड केलं. नागोठण्यानंतर निलेश झोपी गेला, किंवा झोपल्यासारखा दिसला.

वडखळला गाडी बराच वेळ उभी राहिली. हायवेला कंटेनर आडवा लागला होता म्हणे. इथेच उतरायचा तो, कॉलेजात असताना — धरमतरच्या बाजूने, खाडीकाठच्या गावाहून येऊन इथे पेणची गाडी पकडायची, चपलेला चिकटलेला खाऱ्या मातीचा थर थांब्याच्या खांबाला ठोकून झाडायचा, वर्गात कुणाला दिसू नये म्हणून. खांब आता नव्हता. तेरावीला होता तेव्हा आबांचं, त्याच्या वडलांचं, तेरावं झालं… वर्गात हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. तेरावी म्हणतच नसत तिथे. एफ.वाय. म्हणत. पण घरी मोजणी सरळ होती, दहावीनंतर अकरावी, बारावीनंतर तेरावी, आणि आईने ती मोजणी शेवटपर्यंत सोडली नाही. निकाल लागला त्या दिवशी ती आगरावर सगळ्यांना सांगत सुटली, “माजा पुंडल्या पंधरावी झाला! पंधरावी!” पोरं हसली. तो तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, आई, पंधरावी असं काही नसतं, बी.ए. म्हण. आई म्हणाली, “बिया? बिया तं पेराच्या असतान.” आणि परत दुसऱ्या बायकांकडे वळून, “पंधरावी!”

मला तिची लाज वाटली होती. आज वडखळच्या उन्हात, बंद पडलेल्या रस्त्यावर, ती हाक कुणी मारील तर… छे. गाडी हलली.

चंद्रावतीचं घर पेणच्या जुन्या वस्तीत. ती गच्चीवर होती, प्लॅस्टिकच्या कागदावर पापड पसरत, डोक्यावर ओला टॉवेल. तो जिना चढून आला तो सरळ विषयावर. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“ताई, तू किमयाला काय सांगितलंस?”

“अरे, आधी बस तरी! काय सांगितलं?”

“माझं. कॉलेजचं.”

चंद्रावतीने हातातला पापड कागदावर टाकला, कड सरळ केली. तिच्या कपाळाला आठी पडली. तो त्या आठीवर नजर रोखून होता; खोटं बोलताना ही लहानपणी डावा कान खाजवायची. कान तिने खाजवला नाही.

“किमयाचं कॉलेज? ती आज तुलाच सांगनार हाय ना? मला नाय काय बोलली.”

“तिचं नाही गं! माझं. मी शिकलो ते.”

“तू…” ती थांबली. मग एकदम तिचा चेहरा उघडला. “व्हय रे! तू जायचास नाय का कालेजात! वडखळवरशी गाडी पकडून! बघ, मी इसरलेच होते.” आणि हसायला लागली, टॉवेलाच्या टोकाने घाम पुसत. “कशात बरं झालेलास? वकिलीचं होतं का ते?”

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आई सारखी काय तरी म्हनायची. चौदावी का काय.”

“पंधरावी.”

“हां, पंधरावी. बस, पानी आनते.”

ती खाली गेली. पुंडलिक गच्चीवर उभा राहिला, पापडांच्या रांगांमध्ये, पाय कुठे ठेवावा ते न कळून. नाटक करत होती? नाही. नाटक करणारी बाई ‘वकिलीचं होतं का’ असं विचारत नाही. एवढी वर्षं तो हिच्या तोंडावर पहारा ठेवून होता, राखीपौर्णिमेला, भाऊबीजेला, लग्नात, बारशात — ही कधीतरी बोलून जाईल म्हणून तिच्या आणि किमयाच्या मधे बसत होता — आणि हिच्या डोक्यात ते नव्हतंच. चोराच्या मनात चांदणं. आणि सगुणा? सकाळी ती गॅसकडे बघत म्हणाली होती, तुमच्याबद्दल काय सांगण्यासारखं हाय. ते बेरकीपणाने नव्हतं म्हणाली… तिला खरंच काही आठवलं नव्हतं. मूठ झाकून इतकी वर्षं हात अवघडून घेतला आणि तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. आई गेली तेव्हा ती सांगणारीही गेली आणि आगरावर ऐकलेल्यांचं ऐकलेलंही गेलं. आता तो बी.ए. आहे हे जगात एकट्यालाच माहीत, आणि एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट झाली काय आणि न झाली काय! त्याला भयंकर वाईट वाटलं. पाणी न पिताच तो जिना उतरला. मागून चंद्रावती हाका मारत होती, “अरे, जेवून जा, पुंडल्या!”

कारखान्यात शिरताना रंगाचा वास आला, आणि गारवा. दाराशी पांढऱ्या मूर्ती, मग पिवळ्या पीतांबराच्या, आणि अगदी आत, खिडकीच्या उजेडाला, डोळ्यांसाठी थांबलेल्या. तिथे किमया बसली होती, लाकडी खोक्यावर, केस वर बांधलेले, हातात केसासारखा बारीक ब्रश. ओळीत मूर्ती, सगळ्या पूर्ण, दागिने, सोंड, गाल, आणि डोळ्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या खोबण्या. तिने त्याला बघितलं आणि दुसरं एक खोकं पायाने त्याच्याकडे सरकवलं.

“आई काय म्हणते?”

“सुकट दिलीय.”

“वा!”

सगुणाने बजावलं होतं, काय बोलू नका. तो ठरवून आला होता की तिच्या बोलण्यातून हळूच काढून घ्यायचं, कुणी सांगितलं, कधी, किती. आता कुणी सांगितलंच नव्हतं, तर काढायचं काय? आणि तोंडातून भलतंच निघालं.

“गोणू हे काय नाव आहे?”

ब्रश हवेत थांबला. तिचे कान लाल झाले. लहानपणापासून तिचे कान आधी लाल होतात. “तुम्हाला कसं कळलं?”

“डोळ्यांवरून.”

ती हसली, मग हसू आवरलं. “राग आला?”

“सगळी कंपनी हसते त्याला.”

“आणि तुम्ही?”

“मीपण हसतो.” तो म्हणाला, आणि मग न राहवून, “पेनाला टोपण का नाही?”

“तुमच्याला कुठंय?”

खरंच होतं. तिने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला टिपला. “बाबा, त्या प्रश्नावर हजारभर लोकांनी मत दिलंय. सगळे म्हणतात, शिकलेला नाय. वय तसं, घर तसं. मला पण तेच पटायला पाहिजे. पण काढताना काहीतरी अडतं बघा. आता परवा त्याला भजी खाताना दाखवलं. खाऊन झाल्यावर बोळा करून टाकायचा कागद. तर तो टाकतच नाय! उलगडतो, तेल पुसतो, आणि उभ्या उभ्या वाचतो, दोन्ही बाजूंनी. मी ठरवून नाय काढलं, हाताने आपसूक काढलं. गोणीवरची इंग्लिशमधली बारीक अक्षरं असतात ना, तीपण वाचतो तो. बाकीचे नुसती गोणी बघतात. आणि ते ‘परंतु’. मी लिहिते ‘पण’, आणि त्याच्या तोंडात येतं ‘परंतु’.”

 कुणी सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. ती बघत होती. तो सगळ्यांची तोंडं राखत बसला आणि इकडे त्याच्या हातातला भज्यांचा कागद बोलून गेला. ती लहान होती, मांडीवर बसून भजी खायची, तेव्हापासून बघत होती.

“तुला कोणी काही…” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

“मला वाटतं, तो गेलाय कॉलेजला,” किमया म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मूर्तीकडे बघत होती, जिला अजून बघता येत नव्हतं. “पण मग एक अडचण आहे. शिकलाय तर गोण्या का उचलतो? लोक विचारणार. मला त्याचं उत्तर येत नाय. ते तुम्ही सांगा.”

“मी?”

“कंपनीत तुम्ही आहात, मी नाय.” आणि जराशाने, “तुम्ही दहावी म्हणालात तर दहावी दाखवते. काय हरकत नाय. जे म्हणाल ते आजच्या भागात घालते.”

“आणि तुझ्या प्रवेशाचं? ते सांगणार होतीस.”

“ते पण सांगते. आधी गोणूकाकाचं.” तिने ब्रश काळ्या रंगात टेकवला. “थांबा, एवढा डोळा होऊ दे.”

डोळा काढताना या कारखान्यात कुणी बोलत नाही. हे त्याला ठाऊक होतं. आखणीवाला श्वास रोखून रेघ ओढतो आणि बाकीचे आपसूक गप्प होतात, पंखासुद्धा बंद करतात. पलीकडे सोनेरी रंग लावणाऱ्या बायका गप्प झाल्या. रेघ नाकाकडून निघाली.

काय सांगायचं? दहावी म्हणावं. दहावी म्हटलं की सगळं जागेवर राहतं — शिकलो नाही म्हणून गोण्या उचलतो, तू शीक. सरळ वाक्य आहे, त्याला कुठे भोक नाही. ती प्रवेश घेईल… घेईल का? की हिने ओळखलंच आहे, आणि बाप तोंडावर खोटं बोलतो की नाही तेवढंच बघायचंय? ‘जे म्हणाल ते दाखवते’ — हा सापळा तर नाही? ही माझीच पोरगी आहे, हिला संशय घेता येत नाही असं थोडंच आहे! आणि पंधरावी म्हटलं तर? तर ती विचारणार, मग का? आणि त्या ‘का’ला माझ्याकडे काय आहे? एक रांग होती, पुढच्याला बाजूला काढलं, मी घाबरलो. एवढंच. एवढ्यावर कुणी एक आख्खं आयुष्य गोण्या उचलतं का? उचलतं. मी उचलल्या. कॉलेज वाया गेलं म्हणून नाही उचलल्या, घाबरलो म्हणून उचलल्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला आत्ता, या खोक्यावर बसल्यावर, पहिल्यांदाच कळलं, आणि ते कळून त्याला बरं वाटलं नाही.

रेघ मध्ये जाड झाली. कानाकडे जाता जाता हलकेच वर उचलली. एक डोळा झाला, आणि तो थेट पुंडलिककडे बघत होता. दुसऱ्या जागी नुसती पांढरी खोबणी.

किमयाने श्वास सोडला. पंखा लागला. बायका परत बोलायला लागल्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल. ती वळली, ब्रश बोटांत तसाच धरून, आणि तिच्या तोंडावर ना चेष्टा होती ना रोख. नुसती वाट बघत होती. असं त्याच्या उत्तराची वाट बघत आजवर कुणी बसलं नव्हतं. फाटकावरचा तो माणूससुद्धा ‘दहावी’ ऐकायच्या आधीच पुढच्याकडे बघायला लागला होता.

“हं, बोला बाबा. किती शिकलेला?”

दहावी, असं त्याने ठरवलं होतं. पक्कं ठरवलं होतं. शब्द जिभेवर आणून ठेवला होता, इतक्या वर्षांच्या सवयीचा, गुळगुळीत. त्याने तोंड उघडलं.

“परंतु—” तो म्हणाला.

आणि पुढचं काही आलंच नाही. ज्याच्यावर परंतु म्हणावं ते आधीचं वाक्य त्याने उच्चारलंच नव्हतं. ते सगळं आतल्या आत म्हणून झालं होतं आणि बाहेर फक्त एवढंच पडलं होतं. किमयाचा हात खाली आला. ती हसली नाही. तिचे कान मात्र परत लाल झाले. पुंडलिकने खिशातलं पेन घट्ट धरलं, आणि त्याला दिसलं की बोटांना शाई लागतेय, आणि आज ती पुसावीशी वाटत नव्हती.